लादणीत काहीतरी मेलंय

घरात मेल्यासारखा कुजका वास सुटला की "कालपर्यंत तर काहीच नव्हतं" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. एकाच वासात बसलेलं नाक काही मिनिटांत तो वास मोजायचं सोडून देतं. बाहेरून आलेला पाहुणा ओसरीवर पाय ठेवताच थबकतो, आणि आत निवांत भाकरी थापणं चालू असतं. म्हणून या कामात घरातल्या नाकावर विसंबायचं नाही, शेजारच्या पोराला बोलवायचं.

मात्र उंदीर शोधायला निघण्याआधी दोन मिनिटं गॅसच्या टाकीपाशी घालवावीत. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि त्याचा वास कुजल्यासारखाच असतो. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, पेटवापेटवी आणि बटणं दाबणं टाळायचं, हवा खेळली की नळीला साबणाचा फेस लावून, रेग्युलेटर क्षणभर उघडून बुडबुडा येतो का बघायचं. दुसरी फसवी जागा म्हणजे न वापरलेली न्हाणी. उन्हाळ्यात तिच्या जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराची हवा थेट आत येते. तांब्या-दोन तांबे पाणी ओतल्यावर तासाभरात वास कमी झाला, तर मेलेलं काही नाही. तिसरी जागा तापलेलं स्विचबोर्ड. जळत्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा मासळीसारखा येतो. बोर्डाचं झाकण हाताला गरम लागलं तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा.

ही तिन्ही नाहीत असं ठरलं की खरा शोध. तो पहाटे करावा. आदल्या रात्री पंखे आणि कूलर बंद, खोल्यांची दारं लावलेली. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही एक रात्र काढणं जिवावर येतं, पण त्याला पर्याय नाही. पंखा चालू असला की वास घरभर फिरतो आणि आपणही. सकाळी दहा मिनिटं अंगणात उभं राहून नाक मोकळं करायचं, मग एकेक दार उघडून उंबऱ्यावरच थांबून वास घ्यायचा. खोली सापडली की उंची शोधायची: एकदा गुडघ्यावर बसून, एकदा उभं राहून, एकदा स्टुलावर चढून. खाली दाट असेल तर दिवाण, लोखंडी पेटी, फ्रिजची मागची बाजू. वर दाट असेल तर माळा, पीओपी किंवा लादणी, म्हणजे मातीच्या छताची खालची लाकडी बाजू. दुपारी हे करून उपयोग नाही. पत्रा तापला की हवा वर-खाली होते आणि प्रत्येक कोपरा संशयित वाटायला लागतो.

वास सगळ्या घरात अगदी सारखा येत असेल, तर आधी कूलरचं पाणी बघा. उन्हाळाभर चाळीस-पन्नास लिटर पाणी धरून बसलेला लोखंडी कूलर म्हणजे उंदराला आणि पालीला घरातला एकमेव पाणवठा. आत बुडालेल्या उंदराचा वास पंखा इमानदारीने प्रत्येक खोलीत पोहोचवतो. पाणी उपसून टाकी घासायची आणि गवताच्या जाळ्या फेकून नव्या बसवायच्या. जुनी जाळी कितीही धुतली तरी पहिल्या झुळकीला वास परत येतो.

सगळ्यांत अवघड जागा म्हणजे माळवद. ज्यांनी असं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचनाचा (लाकडाच्या बारीक तुकड्यांचा) थर आणि त्यावर फूटभर किंवा जास्त माती. खालून दिसते ती लाकडाची लादणी. किलचन आणि माती यांच्यामधल्या पोकळ्या उंदीर-घुशींना पिढ्यान्‌पिढ्या आंदण दिलेल्या असतात. एका टोकाला, भिंतीच्या दगडांमध्ये, शिरलेला उंदीर मरतो मात्र देवघराच्या वर. वास लाकडाच्या फटींतून वाट मिळेल तिकडे खाली उतरतो, त्यामुळे नाक दोन-तीन फुटांनी सहज चुकतं. इथं नाकापेक्षा डोळा कामाचा. लादणीवर तेलकट पिवळसर डाग पडलाय का, मुंग्यांची नवी ओळ कुठल्या फटीत शिरते, हिरव्या-निळ्या चकचकीत माशा कुठे घिरट्या घालतात हे बघायचं. आणि जमिनीवर सकाळी अळ्या सापडल्या तर त्यांच्या सरळ वरची फट धरायची.

अळ्यांवरून दिवसही मोजता येतात. या माशा मेलेल्या अंगावर काही तासांत अंडी घालतात. उन्हाळ्यात ती दिवसाभरात फुटतात. चार-सहा दिवस खाऊन झाल्यावर अळ्या अंग सोडून सुकी जागा शोधायला निघतात, तेव्हाच त्या खाली गळतात. म्हणजे जमिनीवर अळ्या दिसल्या तर मरण साधारण पाच-सात दिवसांपूर्वीचं. तपकिरी, कॅप्सूलसारखे कोष दिसले तर त्याहून जुनं. थंडीत हा हिशेब बराच लांबतो.

लादणी खालून सब्बलीने कधीही उचकटू नका. किलचनाचा एक तुकडा निघाला की वरची माती धरायला काही राहत नाही, आणि मोकळी झालेली ढेकळं थेट डोक्यावर येतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात एवढी माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि याच जड छतांखाली. उघडायचं तर वरून. जागा खालून मोजून ठेवायची (भिंतीपासून किती हात, सवण्यापासून, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकापासून, किती), माळवदावर चढून तेवढ्याच मापावर दीड फूट चौकोन खुरप्याने थराथराने उकरायचा. उभं राहताना खाली तुळई असेल तिथंच पाय ठेवायचा. काम संपल्यावर भिजवलेली पांढरी माती भरून, चोपून, पावसाळ्याआधी पुन्हा एक हात फिरवायचा; नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात नेमकी तिथंच धार लागते.

काही वेळा न उघडणंच शहाणपणाचं. मे महिन्यात तापलेल्या छतात दीड-दोनशे ग्रॅमचा उंदीर आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून जातो. पावसाळ्यात तोच महिनाभर छळू शकतो. वैशाख असेल, जागा पक्की कळली नसेल, तर फट कापडाने आणि चिकटपट्टीने बुजवून खोली हवेशीर ठेवावी आणि थांबावं. घूस असेल तर मात्र थांबून चालत नाही, तिचं वजन किलोच्या घरात जाऊ शकतं.

मेलेलं सापडलं की माणसाचा हात पहिल्यांदा झाडूकडे जातो. तिथं थांबा. कशाने मेलं हे सांगणारा पुरावा नंतर मिळत नाही, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढा: जवळून एक, आजूबाजूच्या जागेसह एक.

नाका-तोंडाशी रक्त, जवळपास निळ्या किंवा हिरवट रंगाच्या लेंड्या: रक्त न गोठू देणारं औषध, बहुधा ब्रोमॅडिओलोनची वडी. विकणारे हमखास सांगतात की हे खाऊन उंदराला तहान लागते, तो पाण्यासाठी बाहेर जातो आणि बाहेरच मरतो. हे साफ चूक आहे. हे औषध तीन ते सात दिवसांनी मारतं, तोवर उंदीर अशक्त होत जातो, आणि अशक्त उंदीर आपल्या बिळात, सगळ्यांत आतल्या पोकळीत जाऊन पडतो. लादणीत मेलेल्या उंदरांमागे बहुतेक वेळा हीच वडी असते. तुम्ही टाकली नसेल तर शेजाऱ्याला विचारा. भिंत सामाईक असली की औषध त्यांचं आणि वास तुमचा.

काळसर राखाडी भुकटी लावलेला पिठाचा गोळा, आणि उंदीर उघड्यावर आडवा: झिंक फॉस्फाइड. हे काही तासांत मारतं. उंदराला ओकता येत नाही, म्हणून ते त्याच्यावर एवढं चालतं. कुत्र्या-मांजराने खाल्लं तर त्यांनाही सोडत नाही.

तोंडाशी काळा डाग आणि शेजारी कुरतडलेली वायर असेल तर शॉक बसलाय. हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, ती वायर अजून जिवंत आहे.

खोलीच्या मधोमध, अंगावर एक-दोन दातांच्या खुणा, पण खाल्लेलं काहीच नाही: ती चिचुंद्री असणार. लांब टोकदार सोंड बघा. मांजर तिला उंदीर समजून मारतं आणि तिच्या उग्र वासामुळे तशीच टाकून जातं. ‘कोणीतरी करणी करून आणून टाकलं’ अशी चर्चा ज्या घरांत होते, तिथं निम्म्या वेळा हीच असते. पंखा असलेल्या खोलीत सकाळी सापडलेली पाकोळी (छोटं वटवाघूळ) किंवा चिमणी पंख्याला धडकलेली असते. पात्यांच्या कडेवर पीस किंवा केस चिकटलेले दिसतात. पाकोळी किंवा वटवाघूळ असेल तर उघड्या हाताने अजिबात शिवू नका.

साप असेल तर ‘मेलाय’ यावर लगेच विश्वास नको. नाग, मण्यार, घोणस यांचं तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. लांब काठीने किंवा चिमट्याने उचलून, बादलीत टाकून, झाकण लावा. मांजराचं पिल्लू, कुत्र्याचं पिल्लू किंवा मुंगूस मेलेलं सापडलं, आणि गेल्या काही दिवसांत ते घरातल्या कोणाला चावलं वा ओरखडलं असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

आता न उलगडणारं मरण. कोणी औषध टाकलं नाही, मांजर नाही, आणि एकामागून एक उंदीर उघड्यावर येऊन पडताहेत. मराठवाड्यात हे हसण्यावारी नेऊ नये. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले, त्याआधी उंदीर पडण्याची आणि पिसवा वाढल्याची कुरबुर गावात होतीच. भूकंपानंतर रिकाम्या पडलेल्या घरांत धान्य साठलं आणि उंदीर माजले, असा त्याचा उलगडा सांगितला जातो. उंदीर गार पडला की पिसवा त्याचं अंग सोडून गरम अंग शोधतात. म्हणून असा उंदीर उचलण्याआधी त्याच्यावर आणि भोवती दोन हातांवर पिसवांसाठीची कीटकनाशक भुकटी किंवा फवारा मारायचा, अर्धा तास थांबायचं, आणि आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. घरात कोणाला ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ असेल तर अर्धा तासही थांबू नका. कोंबड्या किंवा कावळ्यांच्या बाबतीत हाच नियम, फक्त फोन पशुवैद्यकीय दवाखान्यात. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या आणि 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे, दोन्ही वेळा तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

अजून एक धोका आहे आणि तो मेलेल्या उंदरापेक्षा मोठा आहे. ज्वारीच्या कोठीत किंवा बळदात कोणी ‘धान्याच्या गोळ्या’ टाकल्यात का, हे सगळ्यांत आधी विचारा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची 3 ग्रॅमची एक गोळी सुमारे 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, कोठीजवळ उंदीर, झुरळं, पाल असं सगळंच मेलेलं दिसलं, तर साफसफाई राहू द्या. लेकरांसह सगळ्यांनी बाहेर पडा, जाता जाता दारं उघडी टाका. या विषावर उतारा नाही. गोळीवर पाणी किंवा ओलं फडकं पडू देऊ नका, ओल मिळाली की वायू झपाट्याने सुटतो. राहत्या घरात, माणसं झोपतात त्या खोलीत, या गोळ्या वापरायच्याच नसतात.

तसं काही नसेल तर उचलण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर विरघळवा. पुडी उघडल्यावर नाकाला झणझणलं नाही तर पावडर मेलेली आहे, नवी आणा. तोंडाला रुमाल, हातात रबरी मोजे. मोजे नसतील तर एकात एक घातलेल्या दोन कॅरीबॅगा. मेलेल्या अंगावर आणि भोवतीच्या लेंड्यांवर हे पाणी पुरेसं भिजेल असं शिंपडा, दहा मिनिटं जाऊ द्या. कोरडं झाडलं की धूळ उडते आणि वाळलेल्या मुताचे कण श्वासात जातात. मग पिशवीच्या आतून पकडून, पिशवी उलटी करून गाठ मारा, ती दुसऱ्या पिशवीत घाला. संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळू नका. दोन्ही वापरली म्हणजे दुप्पट स्वच्छता होईल असं वाटतं, प्रत्यक्षात क्लोरीन वायू सुटतो.

पुरायचं असेल तर पिशवी सोडून, तीन फूट खोल, विहीर आणि बोअरपासून लांब. उथळ खड्ड्याचं इथल्या काळ्या मातीत वेगळंच होतं. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, भेगेतून वास वर येतो आणि रात्री गल्लीतली कुत्री तेच उकरून पुन्हा दारात आणून ठेवतात. वरून चुना आणि त्यावर दोन मोठे दगड ठेवले तर हा फेरा टळतो. औषधाने मेलेला उंदीर उकिरड्यावर फेकला, तर तो खाणारं मांजर किंवा घुबडही जातं.

शेणाने सारवलेली जमीन असेल तर अंग पडलं होतं त्या जागेची दोन-तीन बोटं माती खरवडून काढा आणि नवी घालून सारवा. मुरलेला रस धुऊन निघत नाही. फरशीला ब्लीचिंग पुरतं. लाकडाला ऊन द्यावं. खोलीत वाटीभर खाण्याचा सोडा आणि फुटके लाकडी कोळसे परातीत पसरून ठेवले तर दोन-तीन दिवसांत उरलेला वास उतरतो. उदबत्तीने फक्त मोगऱ्याच्या वासाचा मेलेला उंदीर मिळतो.

धान्यात मेलेलं सापडलं तर हिशेब कडू आहे. डबा किंवा लहान कोठी असेल तर सगळं धान्य टाका. मोठ्या बळदात भिजलेलं, गोळे झालेलं आणि त्याच्या भोवतीचं पायली-दोन पायली तरी काढलंच पाहिजे. उंदीर विषाने मेला असेल तर उरलेलंही खाण्यात घेऊ नका, कोंबड्या-शेळ्यांनाही घालू नका.

पाण्याच्या टाकीचं दुखणं वेगळं. जिथं नळ आठ-दहा दिवसांनी येतो, जिथं 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथं हजार लिटर पाणी सोडून द्या म्हणणारा माणूस वैरी वाटतो. पाल किंवा उंदीर काढून तेच पाणी वापरायचा मोह होतो. पाल विषारी नसते हे खरं, पण तिच्या आणि उंदराच्या विष्ठेतले जंतू पोट बिघडवायला पुरतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ते पाणी फार तर संडासात ओता. टाकी घासून पुन्हा भरल्यावर हजार लिटरला 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (पाचशेला 75) बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी टाकीत ओततात. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडतात, बारा तास तसंच ठेवून सगळं रिकामं करतात. एवढं पाणी नसेल तर लिटरला 30 ग्रॅमचं दहा लिटर पाणी करून टाकीच्या भिंती आणि तळ पुसून काढा, अर्ध्या तासाने दोन बादल्यांनी खळखळून धुवा. टाकीत उतरायचं असेल तर झाकण उघडं ठेवून, वर एक माणूस उभा करूनच. नळ्यांतलं पाणी मात्र यात तसंच राहून जातं, म्हणून पहिल्या भरणीचं पाणी उकळूनच प्या.

शेवटी उरते ती आत येण्याची वाट. लहान उंदराला अर्ध्या इंचाचं भोक पुरतं, पिटुकल्याला पेन्सिल जाईल एवढं. नुसतं सिमेंट ओलं असतानाच ते उकरतात. बारीक जाळीचा बोळा किंवा काचेचे तुकडे कोंबून वरून सिमेंट भरावं. पण भोकं बुजवण्याआधी दोन रात्री प्रत्येक भोकासमोर रांगोळीची पातळ पट्टी पसरून ठेवा. सकाळी ज्या पट्टीवर बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ उमटलेली असेल, ते भोक शेवटी बुजवायचं, आतला बाहेर गेल्यावर. नाहीतर तुम्ही त्याला आतच कोंडता, आणि आठ दिवसांनी शेजारचं पोरगं पुन्हा उंबऱ्यावर उभं राहून नाक धरतं.